दुधाळ तेल आणि हिरवा दोरा

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा या तिन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या, तेव्हा चिकोडी तालुक्यातील आमचे गाव काही दिवस पाण्याने वेढलेले होते आणि 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तीच वेळ आली. कल्लोळ-यडूर बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जाणे आमच्याकडे कोणाला नवीन नाही; परंतु आजारी माणसाला पलीकडे नेण्यासाठी दर वेळी दुसऱ्याच्या बोटीची वाट पाहावी लागते, याचा कंटाळा येऊन आम्ही चौघा शेतकऱ्यांनी उसाच्या बिलाचे पैसे एकत्र करून 2022 च्या एप्रिलमध्ये गोव्याहून एक जुनी फायबरची बोट आणली. ती स्टर्नड्राइव्हची होती, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि गिअर व पंखा मागच्या फळीच्या बाहेर, पाण्यात. पुरासाठी खरे तर काढून खांद्यावर नेता येईल असे लहान आउटबोर्ड इंजिनच बरे, हे आज मी कोणालाही सांगेन; त्या वेळी किंमत ऐकून आम्ही पुढचा विचार केला नाही.

मे महिन्यात चाचणीसाठी बोट नदीत सोडली, तेव्हा कोळ्यांनी लावलेले हिरवे नायलॉनचे जाळे पंख्यात गुंतले. आम्ही ते कोयत्याने कापून काढले, बाहेर दिसत होते तेवढे साफ केले आणि विषय विसरलो. दोन आठवड्यांनी गिअरचे तेल तपासण्यासाठी खालचा स्क्रू सैल केला, तर तेलाऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखा दाट द्रव बाहेर आला. गिअरच्या तेलात पाणी मिसळले की ते असे दुधाळ होते, एवढे आमच्या गावच्या ट्रॅक्टर मिस्त्रीलाही ठाऊक होते; पाणी कोठून आले, हे मात्र त्याला सांगता येईना. म्हणून ड्राइव्ह, म्हणजे फळीबाहेरचा गिअर-पंख्याचा भाग, उतरवून आम्ही तो पिकअपमधून बेळगावला एका वर्कशॉपमध्ये नेला. त्या मालकाने आपण गोव्यात अनेक वर्षे बोटींचे काम केल्याचे सांगितले होते.

फसवणुकीला तेथेच सुरुवात झाली, हे आता मागे वळून पाहताना कळते. त्या गृहस्थाने तेल बोटावर घेऊन चोळले, मान हलवली आणि पाचच मिनिटांत निकाल दिला, ‘काका, गिअर संपला. पूर्ण सेट बदलावा लागणार, आणि रबरही सगळे नवीन.’ त्याने दाब मोजणारे कोणतेही गेज लावले नाही, काही उघडले नाही. जाळे गुंतल्याची गोष्ट मी त्याला आवर्जून सांगितली, तर त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असे तो म्हणाला. खर्च 92,000 रुपये सांगितला, त्यातील 50,000 आगाऊ घेतले आणि चार दिवसांनी भ्रमणध्वनीवर गंजून दात खाल्लेल्या गिअरचे छायाचित्र पाठवले. ते पाहून आमच्यातील एकाला तर आपण वेळेवर सावध झालो, असेच वाटले. ते गिअर आमचे होते की दुसऱ्या कोणाचे, हा प्रश्न तेव्हा चौघांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

जूनच्या अखेरीस ड्राइव्ह परत मिळाला तो काळ्याभोर नव्या रंगात, अगदी लग्नघरच्या दारासारखा चकचकीत. एकूण 88,000 रुपये घेतले गेले. बिल म्हणून साध्या कागदावर हाताने लिहिलेली यादी मिळाली: गिअर सेट, बेअरिंग, सील (पाणी-तेल अडवणारी रबरी कडी), बेलो, तेल, मजुरी. जीएसटीचे पक्के बिल मागितले तर ‘त्यात तुमचेच अठरा टक्के जातील’ असे उत्तर आले आणि जुने सुटे भाग मागितले तर ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. पुराचे दिवस तोंडावर असल्यामुळे आम्ही वाद घातला नाही.

जुलैमध्ये बोट मोकळ्या, स्वच्छ पाण्यात जेमतेम तीन तास चालली असेल. त्यानंतर स्क्रू सैल केला तर पुन्हा तेच दूध. या वेळी मी घाई केली नाही. थोडे तेल काचेच्या बरणीत घालून ठेवले. दोन दिवसांनी तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसू लागला. उरलेल्या तेलाचा एक थेंब घरच्या जुन्या तापलेल्या तव्यावर टाकला, तर तो फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला. (तो तवा पुन्हा स्वयंपाकघरात गेला नाही, हे सांगायला नको.) पाणी तेलात आहे, हे आता आम्हाला निर्विवाद कळले होते. परंतु दुधाळ तेल फक्त पाणी शिरल्याचे सांगते, ते कोठून शिरले हे सांगत नाही. आणि त्या मालकाने नेमक्या याच अंतरावर आपला धंदा मांडला होता. जुने तेल काढून नवे भरले की पहिले काही तास ते स्वच्छच दिसते, तेवढ्या वेळात गिऱ्हाईक पैसे देऊन घाटाखाली किंवा नदीकाठी निघून गेलेले असते.

ओळखीतून मालवणचा एक मिस्त्री मिळाला आणि आम्ही ड्राइव्ह घेऊन फोंडा घाटातून तिकडे गेलो. निघण्यापूर्वी आमच्या ट्रॅक्टर मिस्त्रीने तो पुन्हा उतरवला, तेव्हाच पहिली खूण दिसली. इंजिनाचा दांडा ज्या रबरी भात्यातून ड्राइव्हमध्ये शिरतो, ज्याला मिस्त्री बेलो म्हणतात, तो आमच्या यादीत नवा लिहिलेला होता. प्रत्यक्षात हा बेलो बोटीच्या फळीला बसवलेला असतो आणि बोट तर गावातून हललीच नव्हती! त्याच्यावरची गंजलेली क्लिप गोव्याहून आली तशीच होती. सुदैवाने रबर शाबूत आणि आतून कोरडे होते. बेलो फाटला असता तर पाणी थेट सांध्यांवर आणि फळीतल्या बेअरिंगवर गेले असते.

मालवणच्या मिस्त्रीने आधी ड्राइव्हमधील तेल पूर्ण काढले. मग वरच्या स्क्रूच्या भोकात गेज बसवून हातपंपाने दहा पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पर्यंत हवा भरली आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी सोडून पंख्याचा दांडा हाताने सावकाश फिरवला. एकही बुडबुडा आला नाही आणि काटाही हलला नाही. मला वाटले, आता हाही नसलेला दोष सांगेल. त्याने मात्र पंप बदलला आणि आतली हवा खेचून घेतली. तेव्हा काटा आमच्या डोळ्यांदेखत शून्याकडे घसरू लागला. ‘दाब धरतो, ओढ धरत नाही. बाहेरचं सील गेलंय, बघा,’ तो म्हणाला.

पंख्याच्या दांड्यावर दोन सील पाठीला पाठ लावून बसवलेली असतात: आतले सील तेल बाहेर जाऊ देत नाही, बाहेरचे सील पाणी आत येऊ देत नाही. बाहेरचे कापले गेले तरी आतून दिलेला दाब आतले सील घट्टच करतो, म्हणून नुसत्या दाबाच्या चाचणीत सर्व काही ठीक दिसते. बोट चालून ड्राइव्ह गरम होतो आणि थांबल्यावर नदीच्या पाण्यात थंड होतो, तेव्हा आतली हवा व तेल आकसते, ओढ निर्माण होते आणि कापलेल्या सीलच्या बाजूने पाणी आत घेतले जाते. दोन्ही चाचण्या केल्याशिवाय ड्राइव्हचा निकाल सांगणारा माणूस अंदाजाने बोलतो किंवा मुद्दाम खोटे बोलतो, असे माझे मत तेव्हा झाले.

त्याने पंख्याच्या नटाचे वाकवलेले वॉशर सरळ केले, पंखा ओढून काढला आणि मागे बोटभर जाडीचा हिरवा वेढा दिसला. मे महिन्यातलेच ते जाळे होते. दांड्याभोवती आवळून, उष्णतेने चिकटून त्याचे जणू कडे झाले होते आणि त्याने सीलची कड खाल्ली होती. त्या वेढ्यातून एक टोक पंख्याच्या फटीतून बाहेर डोकावत होते, साधारण नखाएवढे, आणि त्या टोकावर बेळगावचा काळा रंग बसला होता. म्हणजे रंग मारताना दोरा तेथेच होता. ज्याने पंखाच काढला नव्हता, त्याने त्याच्या मागची सील आणि खालच्या पेटीतले गिअर बदलले तरी कसे? पेटी उघडल्यावर गिअर जुनेच निघाले, दात मात्र चांगले होते, आणि खालच्या स्क्रूचे दबलेले वॉशरही तेच होते. तेल बदलताना हे वॉशर नवे घालायचे असते, ते सुद्धा त्याच्याकडून झाले नव्हते.

दोन सील, वॉशर, तेल आणि मजुरी मिळून 6,500 रुपये झाले. पाणीमिश्रित तेलात तीन तास चालल्यामुळे एका बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडले होते, त्याचे आणखी 19,000. हा दुसरा खर्च निव्वळ त्या बनावट दुरुस्तीचा आहे.

बेळगावला परत जाऊन विचारणा केली तेव्हा मालकाने आम्ही बोट नीट चालवत नसल्याचे सांगितले आणि हस्ताक्षरातील कागद आपला नसल्याचा दावा केला. त्यानंतर आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा तक्रारीसाठी 2 वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलून घेतले तर कागदपत्रांची दिशा कळते. पक्के बिल नसल्याची उणीव आम्हाला रोज जाणवते. बँकेतून आगाऊ रक्कम दिल्याची नोंद, व्हॉट्सॲपवरील गिअरचे छायाचित्र आणि त्याने स्वतः लिहिलेला मजकूर, एवढाच आधार आहे. मालवणच्या मिस्त्रीने पंखा काढल्याक्षणी काढलेली छायाचित्रे आणि काळा रंग लागलेला तो हिरवा दोरा, प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करून, तक्रारीसोबत जोडला आहे.