कोल्हापूर उद्यमनगरातलं बोरिंगचं दुकान: एका ब्लॉकला बोर, दुसऱ्याला नुसतं होनिंग

तारकर्लीच्या किनाऱ्यावर माझ्या दोन एटीव्ही (वाळूत चालणाऱ्या, जाड टायरच्या चारचाकी गाड्या) पर्यटकांना फिरवतात. दोन्हीत चिनी बनावटीचं 110 सीसीचं आडवं इंजिन आहे. त्यावर 152एफएमएच असा शिक्का असतो. पहिला 1 म्हणजे एक सिलिंडर, पुढचे 52 म्हणजे बोर, सिलिंडरच्या भोकाचा व्यास. नेमका बोर 52.4 मिमी.

गेल्याच्या आदल्या सीझनला पहिली गाडी निळा धूर सोडायला लागली. जवळच्या मेकॅनिकने ब्लॉक उतरवला, आतून बोट फिरवलं, ‘बोर झकास आहे’ म्हणाला आणि नवा स्टँडर्ड पिस्टन, नव्या रिंगा टाकून दिल्या. पाच आठवड्यांत धूर परत सुरू. ऐन नाताळात गाडी उभी राहिली, तो राग अजून गेलेला नाही. मग दुसरीही तेल प्यायला लागली. पावसाळ्यात किनारा बंद झाल्यावर दोन्ही ब्लॉक, पिस्टन, रिंगा गोणपाटात गुंडाळून फोंडा घाटाने कोल्हापूर गाठलं. मनाशी ठरवूनच निघालो होतो की दोन्ही ब्लॉकना बोर मारून घ्यायचा, म्हणजे भोक मशीनवर थोडं मोठं कापून घ्यायचं.

उद्यमनगरातलं हे दुकान एका शटरचं आहे. मिस्त्री साठीचे असतील. ब्लॉक हातात घेतल्यावर त्यांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. आधी पुसला, मग बोर गेज मायक्रोमीटरवर लावून घेतला आणि वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं, सहा मापं काढून खडूने फरशीवर लिहिली.

पहिला ब्लॉक वरच्या बाजूला 52.53, खाली 52.44. माझं नख त्यांनी स्वतः धरून आतून वर सरकवलं. वरच्या कडेजवळ ते चक्क अडकलं. वरची रिंग जिथून परत फिरते, तिथपर्यंतच लोखंड झिजतं, त्याच्या वरचं तसंच राहतं, म्हणून ती पायरी. शिवाय एक उभा ओरखडा होता. वाळूचा. एअर फिल्टरचा फोम एका कडेने फाटला होता आणि मी तो तसाच चालवला, ही चूक माझीच.

नव्या रिंगा का टिकल्या नाहीत, हे त्यांनी रिंग आत बसवून दाखवलं. भोक 0.13 मिमीने वाढलं की रिंगेचं तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, त्याच्या तिप्पट, म्हणजे 0.4 मिमीने जास्त उघडतं. फिलर गेजची जाड पट्टी त्या फटीतून आरपार गेली. “पाव्हणं, ह्या भोकात कसलाबी स्टँडर्ड पिस्टन टाका, धूर येणारच,” ते म्हणाले. मी 0.25 ओव्हरसाईज, म्हणजे स्टँडर्डपेक्षा 0.25 मिमीने मोठा पिस्टन सुचवला, की पुढे आणखी एकदा बोर मारायला जागा राहील. त्यावर त्यांनी ओरखड्यावर बोट ठेवलं. 10 थाऊत (0.25 मिमी) हा निघाला नाही तर परत 20 वर (0.50 मिमी) जावं लागेल, म्हणजे दोन पिस्टनचे पैसे. 0.50 ठरलं.

दुसरा ब्लॉक मात्र सगळीकडे 52.42, फरक जेमतेम 0.01. पिस्टन स्कर्टला, म्हणजे खालच्या भागात, 52.37, म्हणजे 0.05 ची मोकळीक, आणि 0.10 पर्यंत चालतं. दोष रिंगांचा होता, तोंडं झिजून रुंद झालेली. “ह्याला बोर मारायची गरज न्हाई. नुसतं होन मारून रिंगा घाला.” होन मारणं म्हणजे घासणीच्या दगडांनी भोकात आतून बारीक तिरक्या रेषा पाडणं. समोर आलेलं काम नाकारणारा कारागीर मला फार दिवसांनी भेटला.

बोरला त्यांची एकच अट: पिस्टन आधी आणायचा. डब्यावरच्या आकड्यावर ते जात नाहीत, तुमचाच पिस्टन मोजून त्याला बोर बसवतात. पिस्टन घेऊन यायला माझा एक दिवस आणि लॉजचं भाडं गेलं, तेव्हा तुम्ही घरूनच स्टँडर्ड, 0.25 आणि 0.50 कुठे मिळतात याची चौकशी करून निघा. बोर होनिंगसकट 500, नुसतं होनिंग 150. पावती मिळत नाही, फोन क्वचित उचलतात. निघताना ताकीद दिली की बसवण्याआधी ब्लॉक गरम पाण्यात साबणाची पावडर टाकून ब्रशने धुवायचा, पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत, आणि लगेच तेल लावायचं. रॉकेलने होनिंगची पूड रेषांतून निघत नाही. माझं फडकं पाचव्या धुण्याला पांढरं निघालं.

दिवाळीपासून मेअखेरपर्यंत दोन्ही गाड्या रोज वाळूत चालल्या. बोर मारलेली थंडीतही पहिल्या किकला घेते. दुसरीच्या डिपस्टिकवर तेल महिनाभर खालच्या खुणेच्या वरच राहतं, आणि तिच्यात पिस्टन अजून जुनाच आहे.