वेल्क्रोसाठी पिवळा रबरी गोंद: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

खिडकीच्या डासजाळीचा वेल्क्रो मे महिन्यात सुटायला लागला की हार्डवेअरवाला पिवळ्या रबरी गोंदाची ट्यूब पुढे करतो, तिच्याबद्दल हे. उन्हाळ्यात पाच तारे दिले होते, पावसाळ्यानंतर साडेतीन करतोय. गोंद वाईट नाही. पण 'कशालाही चालतो' म्हणून जो विकला जातो, ते खरं नाही.

आधी सुटलेली पट्टी उलटी करून बघा. गोंद सगळा पट्टीवर आणि फ्रेम कोरी असेल तर फ्रेमवर धूळ किंवा तेलकटपणा होता. गोंद दोन्हीकडे आणि मध्ये तारा सुटत असतील तर तो उन्हाने मऊ पडलाय. पश्चिमेच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर हेच होतं. ती पट्टी पुन्हा दाबून उपयोग नाही. शिवणसामानाच्या दुकानातून मीटरवर मिळणारी बिनगोंदाची, शिवायची पट्टी आणा. गोंदवालीपेक्षा स्वस्त पडते.

जुना गोंद टर्पेन्टाइनने काढा, मग साबणाच्या पाण्याने पुसून फ्रेम खडखडीत वाळवा. टर्पेन्टाइनचा तेलकट थर राहिला तर नवा गोंदही धरणार नाही. सॅनिटायझरने पुसू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. मग गोंद दोन्हीकडे पातळ लावायचा: फ्रेमला एक हात, पट्टीच्या पाठीला दोन, कारण पहिला हात विणीतच मुरतो. १० ते १५ मिनिटं थांबा. बोटाचं पेर टेकवलं की चिकट वाटलं पाहिजे, पण तार सुटता कामा नये. ओलं असतानाच जोडून वर वजन ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. द्रावक आत कोंडतो आणि जोड कच्चा राहतो. इथे दाब किती वेळ दिला यापेक्षा किती जोरात दिला हे महत्त्वाचं, म्हणून लाटणं फिरवा. एकदा टेकली की पट्टी सरकत नाही, तेव्हा एका टोकापासून नीट बसवत जा. जाळी २४ तासांनंतरच लावा. खिडकी उघडी ठेवा आणि आसपास गॅस किंवा उदबत्ती नको.

आता कोपरे. हे पाकिटावर सहसा लिहिलेलं नसतं आणि बऱ्याच तक्रारी इथल्याच असतात. वेल्क्रो आडवा ओढला तर भरपूर ताण सोसतो, पण जाळी उघडताना आपण तो सोलतो. मग सगळा जोर कडेच्या एका बारीक रेषेवर येतो आणि चौकोनी कोपऱ्यात तर एका टोकावर. तिथला गोंद उचलला की पुढची पट्टी आपोआप निघत जाते. म्हणून फ्रेमवरच्या खरखरीत पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करा. गोंद अगदी कडेपर्यंत न्या, काठाला मिलिमीटरभरही कोरडी जागा सोडू नका. जाळीच्या एका कोपऱ्याला दोन सेंटिमीटरचं कापडी शेपूट शिवून ठेवा आणि तिथूनच, फ्रेमवरची पट्टी अंगठ्याने दाबून धरत उघडा. एवढं केलं तर साधा गोंदही टिकतो, नाही केलं तर महागडाही सुटतो.

जुलैत मत बदललं. दमट हवेत द्रावक उडताना गोंदाचा पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर दव धरतं, पांढुरकी झाक येते. तशात जोडलेली पट्टी अख्खी पापुद्र्यासारखी निघते. झाक दिसली तर जोडू नका. कोरड्या खोलीत ती जाऊ द्या आणि नवा पातळ हात द्या. शक्यतो कोरडी दुपार गाठा.

दुसरी निराशा रेनकोटची. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि रबरी गोंद लिबलिबीत करून टाकतं. तिथे बुटांच्या सोलला लावतात तो पीयू (पॉलियुरेथेन) गोंदच हवा. सिलिकॉनचा हात दिलेल्या नायलॉनला तोही धरत नाही; तिथे शिलाई मारून टाके सीलंटने बंद करा. पंक्चरचं सोल्युशन या कामाचं नाही.

कॅनव्हासच्या पिशव्या, लाकूड, ॲल्युमिनियम यांवर मात्र तक्रार नाही.

रोज धुवायच्या सुती कपड्याला हा लावूच नका. डाग उमटतो, इस्त्रीने मऊ पडतो, ड्रायक्लीनिंगच्या द्रावकात सुटतो. झटपट चिकटणारा थेंबाचा गोंद तर सुतावर तापतो, चटका बसू शकतो आणि वाळल्यावर काचेसारखा तडकतो. पांढरा सुतारी गोंद धुण्यात जातो. बाळाच्या लाळेऱ्याला शिंप्याकडून चौकोनी शिलाई मारून घ्या.

अर्धा तारा फक्त टोपणाचा कापलाय. ट्यूबच्या आट्यांत गोंद राहिला की टोपण जाम होतं, पकडीने फिरवलं की मानच पिळवटते आणि उरलेला निम्मा माल आत वाळतो. आटे पुसूनच टोपण लावा, ट्यूब उभी ठेवा. मोठी ट्यूब स्वस्त पडते हा हिशेब इथे लागू नाही, सगळ्यात लहानच घ्या.