इन्सुलेटेड विनाइल साइडिंग: नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका भिंतीचा आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, पूर्ण घराला नाही लावली, फक्त वरच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला लावली. ती खोली आम्ही मागाहून काढली, चार इंची भिंत, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेच्या विटा, समोर वीस फुटी गल्ली आणि सावलीला एक झाड नाही. मे महिन्यात पोरगा तिथं झोपायला तयार नसायचा, म्हणे बाबा रात्री दहालाही उशी गरम असते. एक रात्र मी झोपून पाहिलं, हौ, खरंच गरम. वीट दिवसभर ऊन पिते आणि आपण जेवून वर जातो तेव्हा आतल्या बाजूनं सोडत बसते, मग कूलर किती का घरघरेना.

ही वस्तू म्हणजे भिंतीला बाहेरून लावायची पीव्हीसीची (विनाइल म्हणजे तेच) लांब पट्टी आणि तिच्या पाठीला तिच्याच आकाराचा थर्माकोल चिकटवलेला. थर्माकोल नसलेली पण मिळते, स्वस्त पडते, पण ती बोटानं दाबली तरी आत जाते आणि उष्णतेसाठी तिचा फारसा उपयोग नाही. अमेरिकेत लाकडी घरांना हे सर्रास लावतात, तिकडे थंडी बाहेर ठेवायला, आपल्याला ऊन बाहेर ठेवायचं. त्यांच्या मापात आर व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवायची ताकद, 2 ते 3 च्या आसपास. आकडा लहान वाटतो पण चार इंच साध्या विटेची तीच व्हॅल्यू 1 च्याही खाली आहे, तेव्हा हिशोब लावा. नऊ इंची भिंत असती तर मी दोनदा विचार केला असता.

रंगावरून घरात वाद झाला. बायकोला सागवानी पाहिजे होता, गडद. दिसायला सुंदरच होता, नाही म्हणत नाही. पण विनाइल 70-75 डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि नागपुरात 2013 च्या मे मध्ये 47.9 नोंदलं गेलंय ते सावलीतलं, उन्हातली भिंत त्याच्या कितीतरी वर जाते आणि गडद रंगाची तर अजून. शेवटी बदामी घेतला. अजूनही पाहुणे आले की ती सागवानीचा विषय काढतेच.

आता खरं दुखणं. फेब्रुवारीत काम झालं, ठेकेदाराचं नाव घेत नाही, माणूस मेहनती होता पण हे काम त्यानं पीओपीच्या सीलिंगसारखं केलं, म्हणजे प्रत्येक स्क्रू गच्च. फेब्रुवारीत भिंत इतकी सरळ की गल्लीतले लोक थांबून पाहायचे, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी गच्चीवरून वाकून पाहिलं तर पट्ट्यांना लाटा, मधून फुगून राहिल्या होत्या, सकाळी परत बऱ्यापैकी सरळ. मला वाटलं माल खराब. माल खराब नव्हता. बारा फुटी पट्टी थंडी आणि उन्हाळा यांत मिळून जवळजवळ अर्धा इंच लहान-मोठी होते, म्हणूनच स्क्रूची भोकं गोल नसतात, आडवी लांबट असतात, स्क्रू त्या भोकाच्या मधोमध यायला पाहिजे आणि डोकं पट्टीपासून एखाद मिलिमीटर सुटं राहायला पाहिजे. लावल्यावर पट्टी हातानं डावी-उजवी सरकली पाहिजे, सरकत नसेल तर चुकलं. टोकाला जे-चॅनलमध्ये, म्हणजे पट्टीचं टोक ज्यात बसतं त्या J आकाराच्या खाचेत, पण पाव इंच जागा सोडायची, आमच्याकडे ती पण टिच्चून बसवलेली. साइडिंग टांगायची असते हो, ठोकायची नाही.

मग दुसरा मिस्त्री आणला, त्यानं पत्र्याची पट्टी टोकाला वाकवून एक आकडा बनवला, तो दोन पट्ट्यांच्या जोडात घालून खाली ओढला की वरची पट्टी सुटते, आतला स्क्रू अर्धा फेरा ढिला, परत दाबून लॉक. दोन दिवस परांचीवर हेच, टक्-सुट्, टक्-सुट्. लाटा गेल्या. आता संध्याकाळी ऊन उतरलं की भिंत बारीक टिकटिक करते, आकसते म्हणून. बायकोनं पहिले आठ दिवस उंदीर समजून पिंजरा लावला होता.

फरक किती पडला? कोविडमधली कपाळाची थर्मामीटर बंदूक भिंतीवर चालत नाही, 42-43 च्या पुढे नुसतं हाय दाखवते, म्हणून मेव्हण्याकडून वर्कशॉपची आणली. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री नऊला पश्चिमेची भिंत आतून 36-37, आणि दक्षिणेची तशीच चार इंची उघडी भिंत 41. खोलीतली हवा मात्र मागच्या वर्षीपेक्षा दोनेक डिग्रीच कमी वाटली, कारण वर स्लॅब आहे न बाप्पा, तो तर तापतोच. हे मला कोणी आधी सांगितलं नाही. एकाच गोष्टीला पैसे असतील तर आधी गच्ची करा, पांढरा कोट नाहीतर चायना मोझॅक, भिंत नंतर.

कूलरवाल्यांनी आधीच प्लॅन करा. स्टँड साइडिंगवर नाही ठोकता येत, तो भिंतीतच जायला पाहिजे आणि त्याच्या भोवती पट्टी कापून चॅनल लावावं लागतं, म्हणजे स्टँड आधी, साइडिंग मग. आमच्या बोअरचं पाणी खारं, कूलर गळतो तिथं खाली पांढरे ओघळ पडले, व्हिनेगर पाण्यात टाकून मऊ फडक्यानं निघाले. बाकी धूळ पाइपनं पाणी मारलं की साफ, रंगरंगोटीचा त्रास नाही.

पावसात चांगली निभावली, पण ही वॉटरप्रूफिंग नाही हे ध्यानात ठेवा. वाऱ्याचं पाणी मागे जातंच, पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात त्यातून निघून जातं, ती सिलिकॉननं बुजवायची नाहीत (पहिल्यानं तेही करायला घेतलं होतं!). भिंतीला भेगा असतील तर आधी भरून घ्या, मागून ओल आली तर दिसणारच नाही.

जूनमध्ये एक विचित्र प्रकार झाला. समोरच्या घरानं चकाकणारी रिफ्लेक्टिव्ह काच बसवली आणि सकाळी साडेनऊ-दहाला आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाचा पट्टा यायला लागला, सकाळी! तीन आठवड्यांत एका पट्टीला तळव्याएवढी जागा मऊ होऊन खचली. समोरचे काका भले, त्यांनी बाल्कनीला हिरवी जाळी बांधली, सिग्नलवर उन्हाळ्यात बांधतात तीच.

आणि खाली कचरा जाळू देऊ नका. पीव्हीसी पटकन पेट घेत नाही पण धूर घातक, आणि मागे थर्माकोल आहे.

खर्च? या एका भिंतीत चांगला दीड टनाचा एसी आला असता, दुरुस्तीची मजुरी वेगळी. एसीला बिल येतं, हिला नाही, असं मी घरी सांगतो. दक्षिणेच्या भिंतीला सध्या तीच हिरवी जाळी बांधून पाहणार आहे. घेताना चार-पाच पट्ट्या जास्तीच्या घ्या, नंतर त्याच लॉटचा रंग मिळत नाही. आम्ही चार घेतल्या होत्या, एक काचेच्या भानगडीत गेली, तीन माळ्यावर आहेत.