अण्वस्त्र धोरणाच्या नोट्स : घ्याव्यात, पण दुरुस्त करून

औरंगपुऱ्यात मिळणाऱ्या झेरॉक्स नोट्सपैकी हा ६४ पानी संच. किंमत ८० रुपये, स्पायरल बाइंडिंग. एमपीएससी, यूपीएससीच्या मुलांसाठी उपयोगी आहे, पण दोन चुका महागात पडतील.

युरेनियम संवर्धनाचा, म्हणजे त्यातल्या यू-२३५ चा वाटा वाढवण्याचा, भाग उत्तम. नैसर्गिक युरेनियममध्ये यू-२३५ (साखळी प्रक्रियेला लागणारा प्रकार) फक्त ०.७ टक्के, बहुतेक अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के लागतं, अस्त्राला साधारण ९० टक्के. २० टक्क्यांपर्यंत पोचलं की बहुतांश मेहनत झालेली असते, कारण नको असलेला यू-२३८ तोवर बराचसा वेगळा झालेला असतो. आंतरराष्ट्रीय अणु-निरीक्षकांना २० टक्क्यांचा साठा का खुपतो, ते इथे नीट कळतं. पान १९ वरचा तक्ता तर पाठच करा.

आता चुका. एनपीटीची (अण्वस्त्र प्रसारबंदी कराराची) तारीख एकच छापलीय, १९६८. ते सह्यांचं वर्ष. करार लागू झाला ५ मार्च १९७० ला. अण्वस्त्रधारी कोण, हे ठरवणारी १ जानेवारी १९६७ ही मुदत (त्याआधी अणुस्फोट केलेलेच देश अण्वस्त्रधारी) गायबच आहे. ती नसेल तर भारत अण्वस्त्रधारी म्हणून सही का करू शकत नाही, हे मुलांना कसं उमगणार? आपला पहिला स्फोट १८ मे १९७४ चा!

दुसरी चूक जास्त गंभीर. भारताचं 'प्रथम वापर नाही' (अण्वस्त्र आपण आधी वापरायचं नाही) हे धोरण बिनशर्त म्हणून दिलंय. भारत सरकारच्या जानेवारी २००३ च्या निवेदनात जैविक किंवा रासायनिक हल्ल्याचा अपवाद आहे. पेनानं समासात लिहून घ्या.

सीटीबीटी (सर्वंकष अणुचाचणी बंदी करार) दीड पानात उरकलीय. छपाई फिकट, शेवटचा नकाशा वाचता येत नाही.