संध्याकाळचा क्लास की रेकॉर्ड केलेला कोर्स? नोकरी सांभाळून कायदा आणि हिशोब शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात नोकरी किंवा छोटा धंदा सांभाळून व्यापारी कायदा आणि हिशोबाचा पाया शिकायचा म्हटलं तर समोर दोन वाटा येतात. एक, प्रॅक्टिस करणारे सीए आणि वकील मिळून घेतात तो संध्याकाळचा क्लास. दुसरी, मोबाईलवर केव्हाही बघता येणारा रेकॉर्ड केलेला कोर्स. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत डिस्पॅच आणि वसुली बघतो, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमाचं. मी आधी कोर्स केला आणि मग राजारामपुरीतला क्लास. पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत असाल तर मात्र या दोन्हींच्या आधी सहकार खात्याच्या जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशोबाची सरकारी पदविका) परीक्षेचा विचार करा. तिचा बराचसा भर १९६० च्या सहकारी संस्था कायद्यावर आणि सहकारी हिशोबावर आहे. पुढचं लिखाण कारखाना, ट्रेडिंग, सर्व्हिस असल्या कामात असलेल्यांसाठी.

हिशोबाच्या बाबतीत रेकॉर्डिंगला मी मनापासून दाद देतो. कुणाला नावे आणि कुणाला जमा हे एकदा ऐकून डोक्यात बसत नाही. घसारा, तरतूद, आगाऊ दिलेला खर्च या नोंदी मी थांबवून, मागे नेऊन, वहीत स्वतः लिहून पाहिल्या. क्लासमध्ये ही मुभा नसते. आमच्या बॅचमधले निम्मे लोक बी.कॉम. झालेले होते, त्यांना किर्द आणि खतावणी तोंडपाठ, त्यामुळे तो भाग झपाट्याने उरकला गेला. सगळे मान हलवत असताना ‘मला तेरीज (ट्रायल बॅलन्स) कळली नाही’ असं म्हणायला माझ्यासारख्याची जीभ उचलत नाही. कॉमर्सशी कधीच संबंध आला नसेल तर हा फरक मोठा आहे.

वेळेचं तर उघडच आहे. दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्याला संध्याकाळचा क्लास जमणारच नाही. एक खोच मात्र सांगतो. ऑनलाइन कोर्सवाले शंका विचारण्यासाठी जे थेट सत्र ठेवतात ते बहुधा रविवारी सकाळी असतं, आणि आमची सुट्टी सोमवारी. रविवारी त्या वेळी मी गाडी भरून घेत असतो. एमआयडीसीतल्या बऱ्याच जणांची हीच गत होईल, तेव्हा पैसे भरण्याआधी वार विचारून घ्या.

कायद्याच्या बाबतीत रेकॉर्डिंग किती जुनं आहे यावर बरंच अवलंबून आहे. १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा, १९३२ चा भागीदारी कायदा यांचा पाया बदललेला नाही. पाच वर्षांपूर्वीचं व्याख्यानही चालेल. चेक परत आल्यावर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली काय करायचं, म्हणजे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस आणि तेही उलटल्यावर एका महिन्यात फिर्याद, हे मी कोर्समध्येच शिकलो आणि उत्तम शिकलो. कराचं तसं नाही. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ ला बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेलेच. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडेही बदलले. रेकॉर्डिंगमधल्या सरांना हे कुठून ठाऊक असणार? क्लासमध्ये सीए मॅडम सरळ सांगायच्या की जुन्या नोट्समधलं हे पान खोडा.

पण यातल्या कशानेच माझा निर्णय झाला नाही. निर्णय झाला तो रिजेक्शनच्या डेबिट नोटमुळे, म्हणजे नापास मालाचे पैसे कापतो असं कळवणाऱ्या ग्राहकाच्या कागदामुळे.

फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये असलेल्याला ही डोकेदुखी समजावून सांगायला नको. माल गेला, बिल गेलं, महिना उलटला, आणि पैसे यायच्या सुमारास मेल येतो की लॉटमधले इतके नग ब्लो-होलमुळे (ओतकामात हवा अडकून राहिलेल्या पोकळीमुळे) नापास, सोबत डेबिट नोट जोडली आहे. मग पेमेंट त्या रकमेने कापून तरी येतं, नाहीतर सगळंच अडकतं. आता काय करायचं? हे शिकायलाच मी कोर्स घेतला होता.

कोर्समध्ये सगळं होतं. कायद्याच्या भागात मालविक्री कायद्याचं कलम ४१ आणि ४२ होतं: ग्राहकाला माल तपासायची वाजवी संधी मिळाली पाहिजे, आणि नाकारतो असं न कळवता त्याने वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरतात. हिशोबाच्या भागात विक्री परत आणि क्रेडिट नोटच्या (बिलाची रक्कम कमी करायला विकणारा काढतो त्या कागदाच्या) नोंदी होत्या. जीएसटीच्या भागात क्रेडिट आणि डेबिट नोटचं कलम ३४ होतं. तिन्ही शिकवणारे वेगळे, तिन्ही भागांत कित्येक तासांचं अंतर, आणि एकानेही दुसऱ्याचं नाव घेतलं नाही. कायद्याचे सर ‘वाजवी मुदत’ म्हणून पुढे गेले. हिशोबाच्या सरांनी माल परत आला असं गृहीत धरून नोंद दाखवली. मी शंका लिहून पाठवली तर उत्तरात त्याच दोन व्याख्यानांच्या लिंक आल्या. माझ्या टेबलावरचा कागद एकच होता, आणि कोर्सने त्याचे तीन तुकडे करून तीन कप्प्यांत ठेवले होते. मला याचा खरोखर त्रास झाला. कामावरून दमून आलेला माणूस झोप मोडून शिकतो तो उद्या ऑफिसात उपयोग व्हावा म्हणून.

क्लासमध्ये एका संध्याकाळी याच एका विषयाला पूर्ण वेळ दिला गेला. एकाने स्वतःची पीओ (ग्राहकाची खरेदी ऑर्डर) आणली होती, ग्राहकाच्या नावावर काळी पट्टी लावून. वकील सरांनी आधी पीओच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायला लावली: तपासणी कुठे, किती दिवसांत, नापास माल कुणाच्या खर्चाने परत. तिथे मुदत लिहिलेली असेल तर वाजवी मुदतीचा वादच उरत नाही. मग ते २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यावर आले. माल पोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला त्याच दिवशी माल स्वीकारला असं त्या कायद्याखाली धरलं जातं आणि पैशाची मुदत तिथूनच मोजायची. लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपलीकडे जात नाही, नसेल तर १५ दिवसच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अर्थात हे संरक्षण उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला आहे, हेही त्यांनी तिथल्या तिथे बजावलं.

लगेच खडू सीए मॅडमकडे. ग्राहकाने पाठवलेल्या डेबिट नोटमुळे आपला कर एक रुपयाही कमी होत नाही, त्यासाठी आपणच क्रेडिट नोट काढावी लागते, आणि ग्राहकाने त्यावर घेतलेलं कराचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) त्याला उलटवावं लागतं. ही क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवायची शेवटची मुदत म्हणजे माल विकला ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, यातलं जे आधी येईल ते. वाद चालू असेपर्यंत येणी पूर्ण रकमेनेच दाखवायची की शंकास्पद म्हणून तरतूद करायची, हे फळ्यावर दोन्ही बाजूंनी मांडलं. ग्राहकाने सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर आयकरात त्याला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी मिळतो, ही २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली तरतूदही तेव्हाच कळली. मार्चमध्ये वसुलीचा फोन करताना हे माहीत असलं की बोलण्यात वजन येतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सगळ्या डेबिट नोटा काढल्या आणि प्रत्येकीवर माल पोचल्याची आणि हरकतीची तारीख लिहायला लागलो. आता तो आमच्याकडे रिवाजच झाला आहे.

क्लासला अडचणी नाहीत असं नाही. तास पुढेमागे होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून वकील सरांची धावपळ वाढली आहे. शिरोलीहून संध्याकाळी तावडे हॉटेलच्या चौकातून गाडी काढणं हे वेगळंच काम, आणि पावसाळ्यात पंचगंगा फुगली की जायचा प्रश्नच मिटतो. फीसुद्धा कोर्सपेक्षा बरीच जास्त असते. शिवाय सगळे क्लास असे असतील असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या नोट्स वाचून दाखवणारेही आहेत, आणि तसाच मिळाला तर त्यापेक्षा रेकॉर्डिंग केव्हाही बरं.

माझं मत विचाराल तर हिशोबाचा अगदी पाया, म्हणजे नावे-जमा ते ताळेबंद, स्वस्तातल्या रेकॉर्डिंगवर घरी बसून पक्का करा आणि पैसे क्लाससाठी राखून ठेवा. नुसती ओळख हवी असेल, किंवा फिरतीची नोकरी असेल, तर कोर्स पुरेल. पण ज्याच्या हातात रोज पीओ, चलन, बिल आणि वसुली आहे त्याने, शक्य असेल तर, क्लासच बघावा.

नाव घालण्याआधी एक तास बसू द्याल का असं विचारा आणि तुमच्या कामातला एक खरा कागद सोबत न्या. वकील आणि सीए दोघं एकाच दिवशी येतात का, हेही विचारा. वेगवेगळ्या दिवशी येत असतील तर तेच कप्पे इथेही होण्याची भीती आहे. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी बॅच शक्यतो टाळा. तेव्हा सीए मंडळी टॅक्स ऑडिटच्या गडबडीत असतात, तास सारखे बुडतात. दिवाळीनंतरची बॅच मिळाली तर मार्चच्या आत बराचसा अभ्यासक्रम हातावेगळा होतो.