पीक फ्लो, स्पायरोमेट्री की बंद केबिन: कोणती तपासणी कधी?

धाप लागते म्हणून डॉक्टर ‘पीएफटी’ (फुफ्फुसांच्या कामाची तपासणी) लिहून देतात. या तीन अक्षरांखाली वेगवेगळ्या तपासण्या येतात आणि एकीचं काम दुसरी करत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिल्यांदाच तपासत असाल तर स्पायरोमेट्री करा. बाकीच्यांची गरज तिच्या रिपोर्टवरून ठरते.

पीक फ्लो मीटर हातात मावतं. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि हवा मिनिटाला किती लिटरच्या वेगाने बाहेर पडली ते कळतं. दम्याचं निदान झालेल्यांनी घरी ठेवावं असं हे साधन. तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा, सकाळ-संध्याकाळ. तुलना शेजाऱ्याच्या आकड्याशी नाही, स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याशी करायची. निदानासाठी मात्र एवढ्यावर विसंबू नका.

स्पायरोमेट्रीची मुळं १८४६ सालात आहेत. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी तेव्हा पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाने माणसाचा श्वास मोजला होता. आज नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायला सांगतात आणि एका दमात सगळी हवा बाहेर फेकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा म्हणजे एफईव्ही१, एकूण आलेली म्हणजे एफव्हीसी. श्वासनलिका रुंदावणारं औषध दिल्यानंतरही या दोन्हींचं गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या दीर्घकालीन आजाराचा, विचार होतो. टेक्निशियन ‘अजून, अजून, अजून’ म्हणून ओरडत राहतो, त्याचा राग मानू नका. फुंक अर्धवट सोडली तर एफव्हीसी खोटं कमी येतं. चांगल्या केंद्रात दोन सर्वोत्तम फुंका १५० मिलिलिटरच्या आत जुळेपर्यंत पुन्हा करून घेतात. यंत्राच्या किमतीपेक्षा मी हे जास्त महत्त्वाचं मानते.

पण कितीही फुंकलं तरी फुफ्फुसात हवा उरतेच. निरोगी प्रौढाच्या फुफ्फुसात साधारण एक ते दीड लिटर. ती बाहेरच येत नाही, म्हणून स्पायरोमीटरला मोजता येत नाही. खरी अडचण इथेच आहे. फुफ्फुस आकसलं तरी एफव्हीसी घटतं, आणि आत हवा अडकून राहिली तरीही घटतं. आकडा एकच, आजार उलट. अशा वेळी फुफ्फुसाची एकूण क्षमता मोजावीच लागते. ती न मोजता ‘फुफ्फुस आकसलंय’ असं ठरवणं घाईचं होईल.

एकूण क्षमता मोजायचे मुख्य मार्ग दोन. बॉडी प्लेथिस्मोग्राफीत पारदर्शक, बंद केबिनमध्ये बसवतात. गालांवर हात ठेवून हलकी धाप टाकत असताना दोन-तीन सेकंद नळीची झडप बंद होते. त्या क्षणी दाब किती बदलला यावरून, बॉइलच्या नियमाने (दाब वाढला की हवेचं आकारमान त्याच प्रमाणात घटतं), आतल्या हवेचं आकारमान काढतात. अडकलेली हवाही यात धरली जाते. दुसरा मार्ग हीलियमचा: ठराविक प्रमाणात हीलियम मिसळलेली हवा काही मिनिटं शांतपणे घ्यायची आणि हीलियम किती विरळ झाला ते पाहायचं. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना हे सोपं जातं. पण हीलियम अडकलेल्या हवेपर्यंत नीट पोहोचत नाही, त्यामुळे एम्फिसीमात (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होऊन हवा अडकते त्या आजारात) उत्तर कमी येतं. सोय असेल तर अशा रुग्णाने केबिनच निवडावी.

नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, तर जोरात फुंकण्याआधी डॉक्टरांना सांगा. इनहेलर कधी थांबवायचा हेही त्यांनाच विचारा, मनाने बंद करू नका. आणि पुढच्या तपासणीला पद्धत तीच ठेवा. हीलियमचा जुना आकडा केबिनच्या नव्या आकड्याशेजारी ठेवून फुफ्फुस फुगलं की आकसलं, हे ठरवता येत नाही.