स्वतःच्या पैशांवरचा स्टार्टअप आणि एकटा पोस्टग्रेस: काही महिन्यांनंतर

गुंतवणूकदार नाही, सर्व्हर सांभाळायला पगारी माणूस नाही. दोघांनी चालवलेली सबस्क्रिप्शनवरची वेब सेवा. अशा धंद्यात होस्टिंगच्या बिलापेक्षा महाग पडतं ते आपलं लक्ष. म्हणून जॉब क्यू (मागाहून करायच्या कामांची रांग), सर्च, सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद), सगळं पोस्टग्रेस या एकाच डेटाबेसवर टाकलं. क्यू-सेशनसाठी रेडिस किंवा सर्चसाठी इलास्टिकसर्च अशी वेगळी साधनं गरज दिसली की आणू म्हटलं होतं. अजून दिसलेली नाही.

खरा फायदा क्यूचा, आणि तो वेगाचा नव्हे. ग्राहकाचं पेमेंट नोंदवणं आणि इनव्हॉइस पाठवायचा जॉब टाकणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं, म्हणजे दोन्ही होतात किंवा एकही नाही. क्यू दुसरीकडे असली की पैसे जमा आणि इनव्हॉइस गायब, किंवा नोंद रोलबॅक (रद्द) आणि मेल मात्र गेलेली, असले घोळ होतात. ते निस्तरण्यात अख्खी दुपार जाते. २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून ‘स्किप लॉक्ड’ (दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची घेणं) आहे, त्यामुळे अनेक वर्कर (जॉब करणारे प्रोग्राम) एकमेकांची वाट न अडवता जॉब उचलतात. वर्कर मध्येच मेला तर लॉक सुटतो आणि जॉब दुसऱ्याच्या हाती लागतो. (मेल पाठवून मग मेला, तर ती दोनदा जाते. त्यावर डेटाबेसकडे इलाज नाही.) पेमेंट गेटवेचा एकच वेबहुक (व्यवहाराची आपोआप येणारी सूचना) पुन्हापुन्हा येऊ शकतो, त्यासाठी इव्हेंट आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेण्याचा डेटाबेसचा नियम) लावा. कोडमध्ये ‘आधी बघा, मग घाला’ केलंत तर दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की दोन्ही आत शिरतात.

कोण सोडून गेलं आणि जाण्याआधी शेवटचं लॉगिन कधी केलं होतं, हे साध्या एसक्यूएलने (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) कळतं. सर्वात स्वस्त प्लॅन आम्ही बंद केला तो अशाच एका क्वेरीमुळे: तक्रारी तिथून सर्वाधिक, टिकणारे ग्राहक सर्वात कमी.

सर्च ठीकठाक. जिन इंडेक्स (शब्दावरून ओळी शोधून देणारी सूची) लावला की आमच्याएवढ्या डेटाला पुरतो.

आता कुरकुर. प्रत्येक कनेक्शनमागे वेगळी प्रोसेस, आणि मूळ मर्यादा १००. वर्कर वाढले की पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) घ्यावाच लागतो, आणि त्याच्या ट्रान्झॅक्शन पूलिंगमध्ये (एका ट्रान्झॅक्शनपुरतंच कनेक्शन देणं) ‘लिसन’ (डेटाबेसकडून येणारी सूचना ऐकत राहणं) चालत नाही, म्हणून त्या वर्करला थेट कनेक्शन. क्यूच्या टेबलात मेलेल्या ओळी (बदललेल्या किंवा पुसलेल्या ओळींच्या जुन्या प्रती) भराभर साचतात. त्या साफ करणारा ऑटोव्हॅक्यूम मुळात साधारण २० टक्के ओळी बदलल्यावर जागा होतो, त्या टेबलापुरतं हे प्रमाण बरंच खाली आणलं. शिवाय एखादा रिपोर्ट तासभर ट्रान्झॅक्शन उघडं धरून बसला, तर त्यानंतर मेलेल्या ओळी व्हॅक्यूमला हलवताच येत नाहीत. नवी मोठी आवृत्ती दरवर्षी येते, पण प्रत्येकीला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात, तेव्हा अपग्रेडची घाई नको.

प्रत्येक क्लिकची नोंद मात्र यात ओतू नका. ते टेबल फुगलं की बॅकअप रेंगाळतो, आणि रिस्टोअर किती वेळ घेतो हे ग्राहक खोळंबलेले असताना कळून उपयोग नसतो.